खाली कारखाना, वर मी

गेल्या महिन्याभरात आमच्या आळीतल्या तिघीजणी वेगवेगळ्या दिवशी येऊन एकच गोष्ट विचारून गेल्या. "ते हवेचं मशीन घेऊ का गो आमच्याकडं? तुला गुण आला ना?" तिघींनाही मी "घे, पण..." एवढंच म्हणाले. त्या 'पण'च्या पुढे माझी दोन वर्षं आहेत आणि ती दारात उभ्या उभ्या सांगून होत नाहीत. म्हणून लिहून काढायला बसले. मी काही लेखिका नाही. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात माझी तीस वर्षं गेली, त्यामुळे माझ्या हातात लेखणी कमी आणि ब्रश जास्त. औषधांची माहिती माझ्याकडून घेऊ नका, ती डॉक्टरांना विचारा. माझ्याकडे आहेत त्या माझ्या चुका. त्या मात्र बिनधास्त घ्या, फुकट आहेत.

घर

कारखाना म्हटलं की बाहेरच्या माणसाला चिमणी आणि भोंगा आठवतो. आमच्याकडे कारखाना म्हणजे घराचा खालचा मजला. खाली गणपती, वर आम्ही. मधे लाकडी तक्तपोशी, आणि तिच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी. लग्न होऊन रोह्याहून आले तेव्हा पहिल्याच सकाळी मी फटीतून खाली बघितलं, तर पांढऱ्याफटक, बिनडोळ्यांच्या गणपतींची रांग वर तोंड करून बसलेली. मी घाबरून ओरडले होते. सासूबाई आजही पाहुण्यांना ती गोष्ट रंगवून सांगतात.

आमचे हे, म्हणजे रमाकांत, साच्याचे माणूस. प्लास्टर कालवावं, साच्यात ओतावं, मूर्ती अलगद सोडवावी, यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण डोळ्यांची आखणी त्यांना कधी जमली नाही. ती माझ्याकडे आली. दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत मी मूर्ती पॉलिश पेपरने घासायची आणि वैशाखापासून डोळे काढायची. घासकाम म्हणजे भुवयांपासून पावलांपर्यंत पांढरं होणं. तोंडाला ओढणी बांधायची, तीसुद्धा गुदमरायला लागलं की खाली ओढायची. चहा तिथेच, गप्पा तिथेच. आमची पोर, आता सासरी असते, ती लहान असताना तिची झोळीसुद्धा तिथेच होती.

खोकला तर आळीत सगळ्यांनाच असायचा. हिवाळ्यात एका घरातून ठसका निघाला की समोरच्या घरातून उत्तर यायचं. कोणी त्याला आजार म्हणत नव्हतं.

मला कळलं ते डोळ्यांमुळे. डोळ्याची वरची रेघ ओढताना श्वास रोखावा लागतो, नाहीतर ब्रश हलतो. एका श्वासात एक रेघ, असा माझा हिशोब. दोन वर्षांपूर्वीच्या ज्येष्ठात ती रेघ अर्ध्यात तुटायला लागली. श्वास पुरेना. मला वाटलं, वय झालं. मग जिन्याच्या सहाव्या पायरीवर थांबायची सवय लागली. मी तिथे थांबून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची, म्हणजे कोणाला वाटावं की तिथी बघतेय. एकदा ह्यांनी विचारलं, "रोज काय बघतंस त्यात? आज सोमवारच हाय." मी म्हटलं, "खात्री करून घेते." असं थापा मारत मी चार-पाच महिने काढले.

स्टुलावर

छातीचे डॉक्टर पेणला आठवड्यातून एकदा येतात. कार्तिकात एक दिवस मी भाजी चिरता चिरता धापा टाकायला लागले, तेव्हा हे काही न विचारता मला रिक्षात घालून घेऊन गेले.

मला स्टुलावर बसवून डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करता?" मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी सांगितलं, "काय नाय, घरीच असते."

डॉक्टर तरुण होते, पण बिलंदर. माझा हात नाडीसाठी धरला होता, तो त्यांनी उलटा केला. बांगड्यांच्या मधे पांढरी रेघ बसली होती. "घरी असता, मग हे काय? पीठ?"

"प्लास्टर," मी म्हटलं. "गणपतीचं."

"किती वर्षं?"

"अठ्ठावीस."

त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली बघत होते. ते खोटं बोलले नव्हते. कारखान्यातल्या बायकांचं काम हे काम असतं, असं आमच्याकडे कोणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. तोवर कोणी विचारलं असतं तर मीही तेच उत्तर दिलं असतं.

मग फोटो झाले, नळीत फुंकून झालं, पनवेलला जाऊन मोठ्या यंत्रातून काढलेला फोटोही झाला. आठ दिवसांनी डॉक्टरांनी तो उजेडावर धरून दाखवला. दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या अंगाला कोळिष्टकासारखं काही दिसत होतं. "सूज आहे, ती औषधांनी उतरेल. व्रण धरलेत ते जाणार नाहीत. पण पुढे वाढू न देणं आपल्या हातात आहे. धूळ घराबाहेर गेली पाहिजे, नाहीतर तुम्ही घराबाहेर. दोघी एका घरात राहू शकणार नाहीत."

येताना रिक्षात मी तो फोटो मांडीवर धरून बसले होते. मला मरायची भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू, त्याहून जास्त भीती घर सुटण्याची वाटली. खाली पाचशे मूर्तींची ऑर्डर बांधलेली. तीन पिढ्यांचं काम तिथून हलणार नव्हतं. म्हणजे हलायचं मलाच.

इस्पितळ

पौषात थंडीने आणि तापाने मला गाठलं आणि पनवेलच्या बाजूच्या एका इस्पितळात अकरा दिवस काढावे लागले. नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सुई. पहाटे साडेपाचला एक सिस्टर "गुड मॉर्निंग मावशी" म्हणत सगळे दिवे लावायची आणि रक्त काढून न्यायची. तिच्याएवढ्या प्रसन्न चेहऱ्याने कोणी मला आजवर टोचलेलं नाही.

शेजारच्या खाटेवर धरमतरकडच्या एका मिठागरवाल्यांच्या घरातली म्हातारी होती. तिला न्युमोनिया झालेला. तीन चेंडूंचं ते खेळणं देतात ना, नळीतून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे, ते तिला आणि मला एकदमच दिलं. मी जीव खाऊन ओढलं तेव्हा एक चेंडू उडाला. म्हातारीने पहिल्याच झटक्यात दोन उचलले. "आयुष्यभर मिठाची फळी ओढली मी," ती म्हणाली. "तू काय ओढलंस गो?" मी म्हटलं, "रेघा." ती इतकी हसली की सिस्टर धावत आली. पुढचे आठ दिवस आम्ही चेंडूंची शर्यत लावायचो. मी एकदाही जिंकले नाही, पण तिच्याशी चुरस लावून मी तिसरा चेंडू हलवला हे खरं.

हे रोज यायचे. डब्यात सासूबाईंनी दिलेली तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. ह्यांना रुग्णाशी काय बोलावं हे कळत नाही. ते स्टुलावर बसायचे आणि कुठल्या साच्याचा कान मोडला, कुठली मूर्ती वाकडी सुकली, ते सांगायचे. मला ते ऐकायला फार बरं वाटायचं. तब्येतीचं बोलणारे बाकी सगळे होतेच.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी माझं तोंड फुगून गोल झालं. घरी आले तर सासूबाईंनी दोन्ही गालांवरून हात फिरवला. "बघ, कशी भरलीस गो! इस्पितळाचं अन्न मानवलं तुला." त्यांना कोण समजावणार.

मशीन

माझा धाकटा भाऊ अनंता रोह्याला असतो, कंपनीत शिफ्टला जातो. मी घरी आले त्याच आठवड्यात तो भलंमोठं खोकं घेऊन उतरला. आत पांढरा, उभा डबा. एअर प्युरिफायर. त्याला पुढे एक दिवा. हवा स्वच्छ असली की हिरवा, मध्यम असली की पिवळा, वाईट असली की लाल.

"ताई, ह्यो तुझ्या खोलीत चोवीस तास चालू ठेव. दार-खिडक्या बंद ठेव."

लावलं. दिवा लाल. अनंता म्हणाला, जरा वेळ दे. वेळ दिला. संध्याकाळपर्यंत लाल. दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "याचा दिवा लालच असतो काय?" मग मलाच सुचलं आणि मी जमिनीकडे बघितलं. खालून ठोकण्याचा आवाज येत होता आणि तक्तपोशीच्या फटीतून उन्हाच्या कवडशात पांढरा भुगा सावकाश वर येत होता. खाली कारखाना चालू, वर मशीन चालू. होडीला भोक आणि आम्ही वाटीने पाणी उपसतोय, अशातली गत.

ह्यांनी त्याच रात्री फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या आणि वरून ताडपत्री अंथरली. मग दिवा पिवळा झाला. आम्ही दोघं नातू झाल्यासारखे त्याच्याकडे बघत बसलो.

पण सासूबाईंची धुरी राहिली होती. तिन्हीसांजेला धूप, कडुनिंबाचा पाला, ऊद घालून घरभर धूर फिरवायचा हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. घरात आजारी माणूस, हवा शुद्ध करायला नवीन मशीन आलेलं, म्हणून त्यांनी मदतीला धुरी दुप्पट केली आणि मशीनलाही ओवाळलं. मशीनने लाल दिवा लावला आणि घरघरत पूर्ण जोराने पळायला लागलं. "बघ, कसा खूश झाला!" सासूबाई म्हणाल्या. मी खोकत होते, त्यातून हसू आलं, हसण्याने आणखी खोकला आला. शेवटी ह्यांनी त्यांना अंगणात नेऊन समजावलं. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवसापासून धुरी तुळशीपाशी, बाहेर. माझ्यासाठी त्यांनी नेम मोडला नाही, पण उंबऱ्याबाहेर नेला. त्यांच्यासारख्या बाईसाठी ते किती मोठं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

माझी चूक

आता ती चूक सांगते. सांगताना आजही लाज वाटते.

आमच्या घरात कुठलीही नवीन वस्तू आधी गणपतीकडे जाते, मग माणसांकडे. नवा पंखा आला, आधी खाली. नवा दिवा आला, आधी खाली. मूर्ती सुकली पाहिजे, मूर्तीला उजेड मिळाला पाहिजे. आम्ही काय, कसंही भागवतो.

वैशाख आला, आखणी सुरू झाली. मी वर बसून होते, मला खाली उतरायला बंदी होती. आखणीला त्या वर्षी बाहेरची मुलगी ठेवली होती. एक दिवस हे वर आले ते वैतागून. ओल्या रंगावर धूळ बसत होती, डोळ्यांवर कण दिसत होते, मूर्ती पुसून परत कराव्या लागत होत्या. आणि मी, हो, मीच म्हटलं, "अहो, मग हे मशीन न्या ना खाली. धूळच तर खातं ते."

"आणि तू?"

"मला आता बरंच हाय की. रात्री आणा वर."

दोन दिवस खरंच डोळे स्वच्छ आले. हे मूर्ती वर आणून मला दाखवायचे. रंग स्वच्छ होता, पण त्या मुलीची रेघ जाड. मला बघवेना. तिसऱ्या दिवशी हे बाजारात गेले असताना मी खाली उतरले. मनाशी म्हटलं, मशीनच्या अगदी तोंडाशी बसते, तिथे सगळी चांगली हवाच येते. आणि बसले. आठ महिन्यांनी ब्रश हातात आला. काय सांगू, सासरी आलेल्या मुलीला माहेरचं माणूस दिसावं तसं झालं. चार मूर्तींचे डोळे काढले. दुसऱ्या दिवशी सहा. ह्यांना कळलं तेव्हा ते रागावले, पण माझी रेघ बघून गप्प झाले. आम्ही दोघांनी मिळून स्वतःला फसवलं. असे पंधरा दिवस गेले.

रात्री मशीन वर आणायचं पुढे राहूनच गेलं. त्याची जाळी पांढरी लेप दिल्यासारखी झाली, तेव्हा सासूबाईंनी ती काढली आणि आतला कागदासारखा फिल्टरसुद्धा चांगला साबणाने धुऊन गच्चीवर वाळत घातला. तो बिचारा तिथेच मेला. मशीन मात्र हिरवा दिवा लावून ऐटीत फिरत होतं. दिव्याला हवेची खबर देणारा आतला डोळाच प्लास्टरने भरून गेला होता, त्याला काही दिसतच नव्हतं.

आषाढात मी पुन्हा इस्पितळात. या वेळी डॉक्टर ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटली. "मावशी, बंद खोलीत, धूळ थांबल्यावर जी उरते, ती काढायला ते मशीन असतं. पोत्याने धूळ उडतेय तिथे ते काही करू शकत नाही. मागच्या वेळेपेक्षा फुफ्फुसाची ताकद कमी झालीय. असं अजून एकदा झालं तर ऑक्सिजन कायमचा लागेल."

ह्यांनी तिथूनच अनंताला फोन लावला. मला पेणला नेलंच नाही. गाडी थेट रोह्याला.

रोहा

माहेर हे चार दिवस राहायला गोड. चार महिने राहायचं म्हणजे माणूस पाहुणा नाही आणि घरचाही नाही. अनंता आणि त्याची बायको नीता यांनी मला मागची खोली दिली, पेणहून मशीन आणून, साफ करून, नवा फिल्टर घालून लावलं, आणि तासाभरात दिवा हिरवा. खरा हिरवा. कुठलीही धूळ खालून येत नव्हती. मी त्या दिव्याकडे बघून रडले. नीताला वाटलं, दुखतंय. मी तिला म्हटलं, "इथं हिरवा होतो. माझ्या घरात नाय होत."

नीताचं आणि मशीनचं मात्र पटलं नाही. ती स्वयंपाकघरात सुकट भाजायला लागली की खोलीतला दिवा लाल. "वन्सं, बघा, माझ्या हातच्या सुकटीला नाव ठेवतो मेला!" मग आम्ही शिकलो. भाजणं-तळणं चाललं असताना स्वयंपाकघराची खिडकी उघडी, तिथला पंखा बाहेर फेकणारा, आणि माझ्या खोलीचं दार बंद. काही संध्याकाळी कंपन्यांच्या बाजूने उग्र वास यायचा, तेव्हा खिडक्या लावून घ्यायच्या. पहाटे कुंडलिका नदीवरून मोकळं वारं यायचं, तेव्हा मशीन बंद करून खिडकी सताड उघडायची. दर रविवारी अनंता बाहेरची जाळी कोरड्या ब्रशने झाडायचा, तीही अंगणात. आतल्या फिल्टरला पाणी लावायचं नाही, हे त्याने कागदावर लिहून मशीनला चिकटवलं होतं. कोणासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं.

हे रविवारी यायचे. ऐन सीझन, तरी दुपारची गाडी पकडून तासाभरासाठी. पहिल्या रविवारी ते आले, पाय धुतले, आत येऊन माझ्या खाटेवर बसले. "कशी हायस?" एवढं म्हणाले आणि मशीन घरघरलं. दिवा पिवळा. मग लाल.

आम्ही दोघं बघत राहिलो. ते अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आले होते. पण पिशवीत, चपलांत, केसांत, पँटच्या शिवणीत ते होतंच. तीस वर्षांचं होतं ते.

ते उठले. "मीच धूळ हाय गो," म्हणाले आणि बाहेर ओटीवर जाऊन बसले. मी आतून हाका मारल्या, ते आले नाहीत. मग मी खाट खिडकीपाशी ओढली. त्यांनी ओटीवरून बोलायचं, मी बंद काचेतून ऐकायचं. कुठल्या साच्याचा कान मोडला वगैरे. त्या दिवशी ते गेल्यावर मी मशीनचं बटण बंद करून टाकलं. असल्या चांगल्या हवेचं मला काय करायचं होतं? नीताने येऊन ते पुन्हा चालू केलं.

पुढच्या रविवारी ते अनंताच्या न्हाणीघरात दोनदा अंघोळ करून, तिथेच ठेवलेले अनंताचे कपडे घालून आत आले. अनंता त्यांच्यापेक्षा वीतभर उंच. बाह्या दुमडलेल्या, पायजमा घोट्यावर गोळा झालेला. दिवा पिवळा झाला, पण लाल नाही झाला. आम्ही तेवढ्यावर समाधान मानलं.

सासूबाई

गणपतीचे दिवस मी रोह्यालाच काढले. लग्नानंतर पहिल्यांदा मी आखणी न केलेल्या गणपतीसमोर हात जोडले. त्याचे डोळे चांगले होते. मत्सर वाटला, तो त्यालाच सांगितला.

विसर्जनानंतरच्या रविवारी सासूबाई ह्यांच्याबरोबर आल्या. अंघोळीचा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता. त्या सरळ आत येऊन माझ्याजवळ बसल्या, पदराने माझं तोंड पुसलं. मशीन लाल.

"ह्यो का ओरडतो?"

नीताने माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. शेवटी हेच म्हणाले, "आये, आपल्या अंगाची धूळ. आपल्या घराची."

सासूबाईंनी स्वतःचा पदर हातात धरून बघितला. मग म्हणाल्या, "तुझे सासरे असेच बसायचे गो, अर्ध्या जिन्यात. मी म्हणायची, आळस करतात. मग म्हणायची, दमा हाय. शेवटाला बोलायलाबी येत नव्हतं त्यांना. मी उशाशी धुरी ठेवायची. रोज ठेवायची."

सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या जाण्याबद्दल एक वाक्यही घरात कोणी उच्चारलं नव्हतं.

आम्हाला वाटलं होतं, कारखाना घरातून काढायचं म्हटलं तर त्या घर डोक्यावर घेतील. हे तो विषय मनात घोळवत आले होते, तोंड उघडत नव्हते. त्या आपणहून त्यांच्याकडे वळल्या. "रमाकांत, ने रे तुझे साचे भायेर. देव काय, पत्र्याच्या शेडातबी बसेल. ही नाय बसायची."

घरी

गणपती गेल्यावर कारखाना रिकामा असतो, तेव्हाच जे करायचं ते झालं. गावाबाहेर ह्यांच्या चुलतभावाच्या शेतावर भाताची शेड होती, चारी बाजूंनी मोकळी. साचे तिथे गेले. घर धुतलं गेलं, आढ्यापासून. पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत सासूबाई तिथे उभ्या होत्या म्हणे. फटी बुजवल्या, भिंती रंगवल्या. डॉक्टरांनी नवे फोटो बघितले, वाढ थांबलीय म्हणाले. दिवाळीच्या आधी मी घरी आले.

व्रण आहेत. जिन्यात अजून थांबते, पण आता उघडपणे थांबते. मशीन माझ्या खोलीत आहे आणि बहुतेक वेळ हिरवं असतं. आळीतल्या तिघींना माझं उत्तर असं आहे: घ्या, पण आधी धूळ बाहेर न्या. तिला तिथंच राहू देऊन मशीन आणाल, तर ते फक्त तुम्हाला दिवा दाखवेल. आणि कारखान्यात काम करणाऱ्या बायांनो, डॉक्टरांनी विचारलं तर 'घरी असते' म्हणू नका.

खालचा मजला रिकामा आहे. फार शांत वाटतं. हे सकाळी डबा घेऊन निघतात. हा माणूस आयुष्यात कधी डबा घेऊन कामाला गेला नव्हता. दुपारी जिना चढून गरम जेवण, मग तासभर डुलकी, असं त्यांचं होतं. आता शेतावर गार भाकरी खातात. शेडात घासकाम करणाऱ्या बायांना त्यांनी चांगले मास्क आणून दिलेत, त्यांनी ते घातले नाहीत तर ओरडतात, असं कळलं. मला स्वतःहून काही सांगत नाहीत.

संध्याकाळी येतात ते मागच्या दाराने. परसातल्या नळावर अंघोळ, थंडी असो नसो. कपडे तिथेच बादलीत भिजत घालतात, धुतलेले अंगावर चढवतात आणि मग दारात उभे राहून विचारतात, "येऊ का?"

पहिले काही दिवस मी "या" म्हणायची. स्वतःच्या घराच्या दारात उभं राहून ते विचारायचे आणि मी परवानगी द्यायची. आठवडाभराने मला ते सोसेना. त्या दिवशी ते नळावर पाठमोरे बसले होते आणि मला दिसलं की दोन्ही कानांमागे प्लास्टर तसंच आहे. त्यांना ते दिसत नाही, आणि घाईत तिथे हातही फिरत नाही. मी नाकातोंडाला ओला पंचा बांधला, तांब्या घेतला आणि परसात उतरले.

"तू आत जा. धूळ हाय अंगावर."

"भिजलंय सगळं. मान वाकवा."

शेजारची गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती ती थांबून बघायला लागली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "काय गो, दिवसाढवळ्या! लाज हाय का नाय?" पण तिथून हलल्या नाहीत. हे मान वाकवून बसले. मी बोटाला साबण लावून आधी डावा कान घेतला, मग उजवा. पांढरं पाणी त्यांच्या मानेवरून पाठीवर गेलं आणि मोरीत वाहून गेलं. त्यांचे खांदे हलत होते. थंडीने असतील. मी पाणी ओतत राहिले.

स्वच्छ व्हायला चार तांबे लागले. मग मी दोरीवरचा सुका पंचा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "चला आता घरात. आणि उद्यापासून विचारायचं नाय."